बाईंचं पिस्तूल आणि माझं गेज

मी पिस्तुलं दुरुस्त करतो असं गावाकडे कुणाला सांगितलं, की माणूस आधी जरा मागे सरकतो आणि मग हळूच खुर्ची पुढे ओढून विचारतो, म्हणजे नेमकं काय हो? नेमकं काही नाही. कोल्हापूरजवळच्या एमआयडीसीत मी पंधरा वर्षं पंपाचे आणि व्हॉल्व्हचे पार्ट घासले, आता एका शूटिंग क्लबच्या वर्कशॉपमध्ये पिस्तुलांचे घासतो. लोखंड तेच, मायक्रोमीटर तोच, आणि बायकोच्या म्हणण्याप्रमाणे डोकंही तेच, तापलेलं. फरक एवढाच, की तिकडे पार्ट चुकला तर पंप गळायचा. इकडे चुकला तर कुणाचा तरी हात जायचा.

आम्ही राहतो यूएईतल्या उम्म अल कुवैनला, खाडीजवळच्या एका जुन्या बिल्डिंगमध्ये. मी, बायको आणि दहावीतली मुलगी. क्लब तिथून अर्ध्या तासावर आहे, वस्ती संपल्यावर वाळू सुरू होते त्या बाजूला. क्लबचे मुदीर, म्हणजे मॅनेजर, इथलेच, लष्करातून निवृत्त झालेले. बोलणं कमी. एक शब्द इंग्रजी, एक हिंदी आणि तिसऱ्या शब्दाच्या जागी नुसतं बघणं. अकरा वर्षांत त्यांनी मला दोनदा शाबासकी दिली असेल, आणि त्यातली एक बहुतेक दुसऱ्या कुणाच्या कामाची होती.

क्लबात एक बाई यायच्या. इथल्याच, अरब. शाळेत गणित शिकवायच्या, म्हणून मी मनातल्या मनात त्यांना आपल्या पद्धतीने बाई म्हणायचो, तोंडावर मॅडम. तीन मुलांची आई, चाळिशीला आलेल्या. मुलांना बाहेर कँटीनमध्ये गृहपाठाला बसवायच्या, अंगावरचा झगा, अबाया, सारखा करायच्या, कानांवर आवाज अडवणारे मफ्स चढवायच्या आणि रेंजवर उभ्या राहायच्या. मला त्या उस्ताद म्हणायच्या. हिंदी झकास बोलायच्या, माझ्यापेक्षा बरी.

बाईंचं पिस्तूल सेमी-ऑटोमॅटिक. म्हणजे एक गोळी सुटली की त्याच धक्क्याने वरची स्लाइड मागे जाते, रिकामी पुंगळी बाहेर फेकते आणि पुढचं काडतूस आत घेते. चाप मात्र दर वेळी ओढावा लागतो. बाईंचा नेम पक्का होता, पण काडतूस हलकं. आमच्याकडे एका प्रकारात लोखंडी पाट्या पाडायच्या असतात. गोळी पाटीला लागून चालत नाही, पाटी आडवी झाली पाहिजे. आदल्या वर्षीच्या निवडीत बाईंची एक गोळी पाटीच्या खालच्या कडेला लागली. टण्ण आवाज झाला, पाटी डुलली, डुलली, आणि उभी राहिली. स्पर्धेला चौघींची टीम जाणार होती, बाई पाचव्या आल्या. मुलांच्या बॅगा गोळा केल्या, गाडीत बसल्या आणि गेल्या. मला फार वाईट वाटलं. नेम चुकला असता तर एक वेळ ठीक होतं. नेम लागूनही हरणं म्हणजे फार झालं.

म्हणून या वर्षी ठरलं, की बाईंकडे पडून असलेल्या तशाच दुसऱ्या पिस्तुलाला मोठं काडतूस चालेल असं करून घ्यायचं. लोकांना वाटतं हे सिनेमातल्यासारखं, कुठल्या तरी तळघरात कानशीने घासून होतं. तसं काही नसतं. ज्या कंपनीचं पिस्तूल, त्याच कंपनीची नवी नळी, नवी स्प्रिंग, नवं मॅगझिन येतं. पोलिसांची परवानगी लागते, तिला दोन महिने लागले. मग माझं काम उरतं ते बसवायचं, मोजायचं, आणि पास की नापास ते लिहून सही करायची. ते सही करणं हेच खरं काम. माझी सही झाल्याशिवाय क्लबात एकही हत्यार रेंजवर जात नाही, आणि याचा मला किती माज होता हे आता सांगायला हरकत नाही.

निवड रविवारी होती. सामान आलं त्याआधीच्या सोमवारी. माझं काम आटोपल्यावर बाईंच्या हातात उरत होते फक्त चार दिवस, नव्या धक्क्याची सवय करायला. एवढ्यात होईल का, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, बुधवारी दुपारी पिस्तूल तुमच्या हातात.

मधला मंगळवार मी मुद्दाम धरला नव्हता, कारण मंगळवारी खंडेनवमी होती. आता कोल्हापूरकडचा टर्नर खंडेनवमीला हत्यारं पूजल्याशिवाय राहील का? आमच्या टूलरूममध्ये त्या दिवशी लेथला झेंडूचा हार असायचा, व्हाइसला असायचा, आणि आमचा फोरमन स्वतःच्या चष्म्यालाही कुंकू लावायचा. इथे हार नाही, उदबत्ती नाही. दारूगोळ्याच्या जागी उदबत्ती लावणारा मी एवढाही खुळा नाही. पण सकाळी सगळ्यांच्या आधी पोचायचं, ओट्यावर हत्यारं ओळीने मांडायची, प्रत्येकाला हळदीकुंकवाचं एकेक बोट लावायचं, हात जोडायचे, आणि त्या दिवशी कुठल्याही हत्याराला हात लावायचा नाही. दिवसभर कागदपत्रं उरकायची. अकरा वर्षं हे चाललं होतं आणि कुणाला सांगितलं नव्हतं. वर्कशॉपमध्ये बाहेरची कुठलीही पावडर, कुठलंही पातळ आणायचं नाही असा नियम दारावर तीन भाषांत लिहिलेला होता. मला त्यातल्या दोन वाचता येत होत्या.

हळदकुंकू पाण्यात कालवायचं नाही हेही मी तिकडेच शिकलो. पाण्याने लोखंडाला गंज चढतो. म्हणून मशीन ऑइलचे दोन थेंब घ्यायचे आणि त्यात कालवायचं. हळद भरपूर, कुंकू चिमूटभर, छान चिकट लेप होतो, ओघळत नाही. त्या मंगळवारी ओट्यावर एक नवीन वस्तूही होती. मोठ्या काडतुसासाठी मागवलेलं गेज. काडतुसाच्या आकाराचा पोलादी तुकडा असतो. नळीत घालायचा आणि स्लाइड सोडायची. स्लाइड पूर्ण बंद झाली तर जागा बरोबर, अडली तर जागा कमी. जागा कमी असलेल्या नळीत काडतूस कोंबून झाडणं म्हणजे संकटाला हाताला धरून घरात आणणं. नवीन हत्यार, पहिलीच पूजा, म्हणून मी त्याला जरा जास्तच प्रेमाने बोट लावलं. कुठे? तर बुडावर. तिथे कंपनीची अक्षरं कोरलेली होती आणि त्यांत लाल रंग भरलेला होता.

बुधवारी सकाळी मी सगळी हत्यारं फडक्याने पुसली. दुपारी नळी बसवली, गेज घातलं, स्लाइड सोडली. स्लाइड अडली. केसभर फट राहिली, बोटाला लागणार नाही पण डोळ्याला दिसेल एवढी. परत केलं, परत अडली. तिसऱ्यांदा केलं. तीच फट. मी रिपोर्टवर लिहिलं: नळी नापास, कंपनीकडे परत पाठवावी.

बदली नळी यायला सहा आठवडे. म्हणजे बाईंनी जुन्या पिस्तुलावर, जुन्या हलक्या काडतुसावरच उतरायचं. मी त्यांना फोन करून सांगितलं.  त्यांनी हळू विचारलं, की उस्ताद, एकदा परत बघता येईल का? आणि इथे माझं डोकं फिरलं. मला वाटलं ही बाई माझ्या मोजण्यावर शंका घेते. मी म्हणालो, मॅडम, मी तीनदा मोजलंय, चौथ्यांदा मोजून लोखंड लांब होत नाही. फोन ठेवला आणि त्याच तिरमिरीत खिशातला रुमाल काढून गेज पुसलं, डबीत टाकलं, डबी कपाटात आपटली.

गुरुवारी बाई आल्या, जुनं पिस्तूल घेऊन सरावाला उभ्या राहिल्या. मी वर्कशॉपच्या काचेतून बघत होतो. पाट्या पडत होत्या, पण मध्येच एखादी डुलून उभी राहायची. कंपनीच्या माणसाचा ईमेल आला होता, की आमची प्रत्येक नळी तपासून निघते, कृपया पुन्हा मोजावी. मी असं काही झणझणीत उत्तर लिहिलं, की मुदीरांनी त्यातली दोन वाक्यं खोडली. नीट मोजलंय ना, एवढंच त्यांनी विचारलं. मी नुसतं रिपोर्टवरच्या सहीकडे बोट दाखवलं. काय रुबाब होता माझा! आठवलं की अजून कानशिलं गरम होतात.

शनिवारी सुट्टी. माझे कामाचे कपडे बायको मशीनमध्ये तसेच टाकत नाही, आधी बादलीत साबणात भिजवते, तेलाचे डाग म्हणून. मी चहा घेत बसलो होतो. ती रुमाल घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "अहो, कुणाकडे वाण लुटायला गेला होतात?" रुमालावर बोटाएवढा लालभडक डाग. मी म्हणालो, काहीतरीच काय, तेल असेल ते. तेल साबणात लाल होत नाही, ती म्हणाली. साबणात लाल होते ती हळद. तिने रुमालाचा दुसरा, कोरडा कोपरा दाखवला. तिथे तो डाग पिवळाच होता. मग तिने तोही माझ्यासमोर बादलीत बुडवला, आणि बघता बघता तो लाल झाला.

मी हसलो. हसता हसता थांबलो. मंगळवारची पूजा झाल्यावर सगळं काही मी बुधवारी सकाळी फडक्याने पुसलं होतं. रुमालाने पुसलेली वस्तू एकच, आणि तीसुद्धा मोजून झाल्यावर. म्हणजे मोजताना हळद गेजवर होती. तेलात कालवलेली, कोरलेल्या अक्षरांत घट्ट बसून कडांवर चढलेली, आणि तिथल्या लाल रंगात लपून गेलेली. तीन वेळा मोजलं आणि तिन्ही वेळा मी माझी हळदच मोजली. मी चहाचा कप खाली ठेवला.

ही म्हणाली, काय झालं? मी सांगितलं. ती खुर्चीत बसली. मग आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसलो, कारण पुढचं दोघांनाही कळत होतं. गप्प बसलं तर कुणाला काहीही कळणार नव्हतं. नळी कंपनीकडे जाईल, ते मोजतील, बरोबर निघेल, वाद नको म्हणून निमूट तीच परत पाठवतील. मी म्हणणार, बघा, बदलून दिली. सही माझी, सचोटी माझी. फक्त बाई उद्या हलक्या काडतुसावर उभ्या राहतील. आणि सांगितलं, तर सांगावं लागणार होतं की बंदी असलेल्या जागी मी अकरा वर्षं पूजा करतोय. अरब देशात, सरकारी शिस्तीच्या क्लबात, मुदीरांच्या तोंडावर. कॉन्ट्रॅक्ट महिनाभरात रिन्यूला होतं. मुलीची दहावी. मी चक्क घाबरलो होतो.

मुलगी आतून सगळं ऐकत होती. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत. ती दारात येऊन म्हणाली, "बाबा, जस्ट कॉल हिम." एवढं बोलून परत आत गेली. जसं काही पिझ्झाच मागवायचा होता. मला राग आला, आणि रागात मी फोन उचलला. हे बरं झालं, कारण विचार करत बसलो असतो तर उचलला नसता.

मुदीर क्लबातच होते, शनिवारी मेंबर्सची गर्दी असते. मी फोनवर एवढंच म्हणालो, की भेटायचंय, आणि गाडी काढली. अर्धा तास रस्ताभर मी इंग्रजी वाक्यं जुळवत होतो. ऑफिसात गेल्यावर एकही आठवलं नाही. शेवटी हिंदीत, उभ्यानेच सांगितलं: "सर, बुधवार का रिपोर्ट गलत है. नळी ठीक है. गेज गंदा था, और गंदा मैंने किया." नळीला हिंदीत नाल म्हणतात हेही त्या क्षणी सुचलं नाही.

त्यांनी विचारलं, कशाने गंदा? मग मी सगळं सांगितलं. आमच्याकडे वर्षातून एकदा हत्यारांचा मान करतात, हळद लावतात, त्या दिवशी त्यांना विश्रांती देतात. हो, अकरा वर्षं. हो, नियम वाचला होता. ते ऐकत होते आणि टेबलावरच्या पेनकडे बघत होते. मी ओरडा खायला तयार होतो. त्यांनी विचारलं, तेलात का कालवलंस, पाण्यात का नाही? मी म्हणालो, सर, पाण्याने गंज येतो. त्यावर त्यांनी मान वर करून माझ्याकडे असं पाहिलं, की मला अजून कळलेलं नाही ते चिडले होते की हसू दाबत होते.

गेज धुतलं का, त्यांनी विचारलं. मी म्हणालो, हात लावला नाही, तुमच्यासमोर उघडायचं म्हणून. तेवढं एक मी बरोबर केलं होतं. ते म्हणाले, बाईंच्या समोर. आणि त्यांना फोन केला.

बाई तासाभरात आल्या, मागे तिन्ही मुलं. मुलं कँटीनमध्ये गेली, आम्ही तिघं वर्कशॉपमध्ये. मला बाईंच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. मी डबी उघडली, भिंग पुढे केलं आणि गेजचं बूड दाखवलं. अक्षरांच्या कडेने पिवळी किनार अजून होती. आधी मुदीरांनी पाहिलं, मग बाईंनी. मी माझ्या तोंडाने सांगितलं, की तुम्ही परत बघा म्हणालात तेव्हा परत बघायला हवं होतं. मी नाही बघितलं, उलट तुम्हाला बोललो. माफ करा. बाईंनी भिंग हळूच ओट्यावर ठेवलं.

स्पिरिटने गेज धुतलं. ब्रशने अक्षरं घासली, परत धुतलं, वाळू दिलं, परत भिंगाखाली पाहिलं. नळीत घातलं. स्लाइड सोडली. खट्. फट नाही. मुदीर म्हणाले, परत. परत खट्. मग जागा जास्त तर नाही ना हे बघणारं दुसरं गेज घातलं, त्यावर स्लाइड जशी अडायला हवी तशी अडली. नळी सुरुवातीपासून बरोबर होती. कंपनीच्या त्या बिचाऱ्या ईमेलवाल्याची मी मनातल्या मनात क्षमा मागितली. नंतर लेखी मागितली, त्यातलं वाक्य मात्र मुदीरांनी एकही खोडलं नाही.

पुढचं काम नियमाप्रमाणे. पिस्तूल लोखंडी पकडीत आवळून, भिंतीआडून दोरीने तीस काडतुसं झाडली. आवाज जुन्यापेक्षा जाड, छातीत जाणवणारा. प्रत्येक पुंगळी मी उचलून भिंगाखाली बघितली. एकही फुगलेली नाही, एकही चिरलेली नाही. मग बाईंनी पन्नास झाडल्या. पहिल्या गोळीला त्यांचे हात वर उडाले, त्या दचकल्या आणि मग स्वतःशीच हसल्या. पन्नास हा काही सराव नव्हे. पण ऊन उतरेपर्यंत तेवढंच झालं.

निघताना मुदीरांनी माझ्या हातात वॉर्निंग लेटर ठेवलं, अरबीत आणि इंग्रजीत. नापास रिपोर्ट रद्द. मोजमापाचं कुठलंही गेज कुठल्याही खासगी समारंभात वापरू नये. वापरलेली इतर अवजारं दुसऱ्या दिवशी कामाआधी स्पिरिटने साफ करावीत. मी ते गाडीत बसून दोनदा वाचलं. इतर अवजारं! म्हणजे व्हाइसला चालतंय, लेथला चालतंय. घरी येऊन बायकोला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, शिक्षा आहे की परवानगी? मी म्हणालो, शिक्षाच आहे, सही करून घेतलीय. पण जेवलो पोटभर.

झोप मात्र धड लागली नाही. कारण खरा प्रश्न तसाच होता. बाईंनी आता काय घ्यायचं? जुनं पिस्तूल हातातलं, सवयीचं, त्यावर वर्षाचा सराव. नवं फक्त पन्नास गोळ्यांच्या ओळखीचं, आणि ते पास करणारा माणूस तोच, जो चार दिवसांपूर्वी हळद मोजून आला होता. मी त्यांच्या जागी असतो तर जुनंच घेतलं असतं. आणि ही निवड माझ्यामुळे त्यांच्यावर आली होती. बुधवारी मी नीट पुसलं असतं, तर त्यांचे चार दिवस त्यांच्याकडे असते. ते चार दिवस मी कुठून आणून देणार होतो?

रविवारी सकाळी निवडीला सात जणी होत्या. दोन्ही पिस्तुलं ट्रेमध्ये घालून मी टेबलावर ठेवली, दोन्ही उघडी, रिकामी. मुदीर बाजूला उभे. ते म्हणाले, तुमची मर्जी, कुठलंही घ्या, कुणी काही म्हणणार नाही. बाईंनी ट्रेकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

"उस्ताद, आज पक्का है?"

खरं सांगतो, हो म्हणायची हिंमत होईना. मी म्हणालो, "मॅडम, पक्का तो बुधवार को भी था. कल नापा है."

त्यांनी मान हलवली, मोठ्या शांतपणे, वर्गात एखाद्याचं उत्तर बरोबर आलं की हलवावी तशी. आणि नवं उचललं.

मी काचेमागे जाऊन उभा राहिलो. रोज काचेमागे उभा असतो, पण त्या दिवशी हात घट्ट बांधून घेतले होते. पहिल्या फेरीत बाईंची एक गोळी सरळ पाट्यांच्या वरून गेली. सवय नाही, धक्का जास्त, हात वर उचलला गेला. बाकीच्या पाट्या पडल्या. दुसऱ्या फेरीत एक गोळी पाटीच्या खालच्या कडेला लागली आणि पाटी पाठीवर आदळली, धाडकन. मी काचेवर मूठ आपटली. शेजारचा केरळी स्टोअरकीपर माझ्याकडे बघायला लागला. तिसऱ्या फेरीत परत एक गोळी हुकली, मग बाईंनी थांबून श्वास घेतला, खांदे सैल केले, आणि राहिलेल्या सगळ्या एकामागोमाग पाडल्या. इतक्या झपाट्याने पाडल्या, की मला मोजायलाच जमलं नाही, आणि मी मोजणारा माणूस!

मुदीरांनी नावं वाचली, बोर्डाकडे बघत, एकाच सुरात. पहिली, दुसरी, तिसरी. मग त्यांनी पान सारखं केलं. चौथं नाव बाईंचं होतं. त्यांच्या मोठ्या मुलीने कँटीनच्या दारातून किंकाळी फोडली. बाईंनी डोळ्यांवरचा चष्मा काढला, पुसला, परत लावला, आणि मुलांना जवळ घेतलं. मी वर्कशॉपमध्ये येऊन ओटा पुसत बसलो. आधीच स्वच्छ होता.

पंधरा-वीस मिनिटांनी बाई आत आल्या. वाटलं आता आभारबिभार मानतील, आणि मला ते नको होतं. त्यांनी पिस्तूल उघडून रिकामं असल्याचं दाखवलं, ट्रेमध्ये ठेवलं, आणि उजवा हात माझ्यासमोर धरला. अंगठा आणि पहिल्या बोटामधलं कातडं सोलून लालबुंद झालं होतं. मूठ खरखरीत, आणि आता धक्का मोठा.

"ये काटता है, उस्ताद," त्या म्हणाल्या. "टीम अगले हफ्ते जाएगी. तब तक इसका कुछ करो."

मी म्हणालो, करतो. त्या हो म्हणून निघाल्या आणि दारातून मुलांना हाक मारली, की चला, भूक लागलीय. बाईंचं पिस्तूल माझ्या ओट्यावरच होतं. मी दिवा जवळ ओढला, मूठ हातात घेतली, आणि कुठली कड टोचत असेल ते अंगठ्याने चाचपत बसलो. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते बाहीने पुसलं. रुमाल घरीच होता, दोरीवर.